जयपूरच्या गुलाबावरील कीड व रोग : धोका पानांपेक्षा मुळांना अधिक

जयपूर परिसरात गुलाबाचे झाड पानांवरच्या किडीने क्वचितच दगावते. ते जाते ते बहुधा वाळवी, हुमणी आणि शेंड्याकडून खाली उतरणारी मर या तिघांमुळे. तरीही बहुतेक बागांमध्ये फवारणीचा पंप पानांवरच फिरत राहतो. पुणे किंवा नाशिकहून येथे स्थायिक झालेल्या बागप्रेमींची तर हमखास फसगत होते, कारण त्यांच्या अनुभवातील गुलाबाचा शत्रू हा दमट हवेत वाढणारी बुरशी हा असतो. तळेगाव दाभाडे परिसरातील हरितगृहांत भुरी आणि डाऊनी मिल्ड्यू यांच्याविरुद्ध वर्षभर दक्षता घ्यावी लागते. जयपूरची हवा मात्र कोरडी, जमीन वाळूमिश्रित आणि वार्षिक पाऊस सरासरी सुमारे ६०० मिलिमीटर असतो. त्यातील बहुतेक पाऊस जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांतच पडून जातो. उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सियसच्या पुढे जाते, तर डिसेंबर-जानेवारीत रात्री कडाक्याच्या थंडीच्या असतात. फुशियासारखी थंड डोंगरी हवेतील झाडे येथे हिवाळ्यापुरतीच कुंडीत तग धरतात. गुलाब मात्र राम निवास बागेसारख्या १८६८ साली उभारलेल्या सार्वजनिक उद्यानापासून घरांच्या गच्चीपर्यंत सर्वत्र आढळतो.

या फुलाचे महत्त्व शोभेपुरते नाही. जयपूरहून सुमारे १५० किलोमीटरवरील पुष्कर आणि राजसमंद जिल्ह्यातील हल्दीघाटी परिसरात चैती गुलाबाची शेती होते. त्या पाकळ्यांचा गुलकंद व गुलाबजल तयार होते. देवाला वाहिलेले फूल प्रसाद म्हणून हाती येते, तर गुलकंद थेट पोटात जातो. त्यामुळे गुलाबावर कोणते औषध, कधी आणि कितपत मारावे, हा प्रश्न येथे माणसाच्या आरोग्याशीही जोडलेला आहे.

वाळवी आणि शेंडेमर

वाळूमिश्रित जमीन आणि पाण्याची टंचाई या दोन्ही गोष्टी वाळवीला पोषक ठरतात. वाळवीचे खरे अन्न मृत लाकूड आहे. झाड तहानलेले असेल किंवा त्यावर वाळलेल्या फांद्यांचे खुंट राहिले असतील, तर ती प्रथम त्या मृत भागात शिरते आणि तेथून जिवंत खोडाकडे वळते. खोडावर मातीचा पातळ लेप किंवा मातीची नळी दिसणे ही पहिली खूण होय. लेप बोटाने खरवडल्यास आत फिकट रंगाच्या कामकरी वाळव्या दिसतात. पुष्कळदा वरून काहीच दिसत नाही. झाड एकाएकी मलूल होते आणि उपटून पाहिल्यावर मुख्य मूळ आतून पोखरून मातीने भरलेले आढळते.

येथे वाळवीचा संबंध थेट दुसऱ्या एका रोगाशी येतो. रोपवाटिकांमध्ये ‘डायबॅक’ या नावाने ओळखला जाणारा शेंडेमर रोग बुरशीमुळे होतो आणि तो बहुतेक वेळा छाटणीच्या जखमेतून प्रवेश करतो. फांदीचे टोक काळे-तपकिरी पडते, काळेपणा हळूहळू खाली सरकतो, आणि तो कलमाच्या डोळ्यापर्यंत पोहोचला की वरचे मूळ वाण संपते. खालून जोमाने येणारे फुटवे खुंटाचे असतात. त्यांना सात पानांचे देठ आले म्हणून झाड सावरले असे समजणारे अनेकजण पुढे रानगुलाब वाढवत बसतात. (पानांच्या संख्येवरून खुंट ओळखण्याची ही पद्धत सर्वच वाणांना लागू पडत नाही. फुटवा डोळ्याच्या वरून आला की खालून, हे माती बाजूला करून पाहणेच खात्रीचे.) रोगाने मेलेली प्रत्येक फांदी वाळवीला आमंत्रण देते. वाळवीने अशक्त केलेले झाड पुन्हा शेंडेमरीला बळी पडते.

म्हणूनच ऑक्टोबरच्या मध्यास होणारी वार्षिक छाटणी हा जयपूरमधील गुलाबाच्या रोगनियंत्रणाचा सर्वांत महत्त्वाचा दिवस ठरतो. धारदार सिकेटरने, बाहेरच्या बाजूस असलेल्या डोळ्याच्या किंचित वर, तिरपा काप घ्यावा. काळा पडलेला भाग असल्यास त्याखालील निरोगी फांदीचेही सुमारे ५ सेंटिमीटर लाकूड काढावे. कापलेल्या तोंडाचा गाभा पांढरट-हिरवा दिसला तरच काप पुरेसा खाली गेला असे समजावे. गाभा तपकिरी असेल तर आणखी खाली जावे. एका झाडावरून दुसऱ्याकडे जाताना सिकेटर निर्जंतुक करून घ्यावे. छाटलेल्या काड्या वाफ्यात पडू देऊ नयेत.

जखमेवर त्याच दिवशी बोर्डो पेस्ट लावावी. १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात आणि १०० ग्रॅम कळीचा चुना अर्धा लिटर पाण्यात स्वतंत्रपणे विरघळवून, गार झाल्यावर दोन्ही एकत्र ढवळले की ती तयार होते. भांडी मातीची, लाकडी किंवा प्लास्टिकची असावीत, कारण मोरचुदाने धातूचे भांडे खराब होते. मिश्रणात स्वच्छ लोखंडी खिळा थोडा वेळ बुडवून पाहावा. त्यावर तांबूस थर चढल्यास मोरचूद मोकळे राहिले असून आणखी चुना घालणे आवश्यक असते. पेस्ट ताजीच वापरावी. जुन्या मराठी पुस्तकांत याच कामासाठी ‘चौबटिया पेस्ट’ सांगितलेली आढळते. रानीखेतजवळच्या चौबटिया येथील फळसंशोधन केंद्रावरून हे नाव पडले. तिच्यात तांब्याच्या कार्बोनेटबरोबर शेंदूर, म्हणजे शिशाचे संयुग, आणि जवसाचे तेल असते. ती परिणामकारक होती यात शंका नाही, परंतु शिशाचे विषारीपण लक्षात घेता घरच्या बागेत तिचा आग्रह धरण्याचे कारण उरलेले नाही.

वाळवीसाठी पहिला उपाय औषधाचा नाही. अर्धवट कुजलेले शेणखत, लाकडाचा भुसा आणि वाळक्या काटक्या वाफ्यातून हद्दपार कराव्यात. महाराष्ट्रात ओलावा टिकवण्यासाठी आळ्यात वाळका पाला किंवा गवताचे आच्छादन घालण्याची चांगली पद्धत आहे. जयपूरच्या जमिनीत मात्र तेच आच्छादन वाळवीचे कोठार ठरू शकते. आच्छादन घालायचेच असेल तर ते खोडापासून वीतभर दूर ठेवावे आणि अधूनमधून उलटून पाहावे. पूर्ण कुजलेले खत आणि निंबोळी पेंड मातीत मिसळावी. उन्हाळ्यात पाण्याची पाळी चुकू देऊ नये, कारण तहानेने कोमेजलेल्या झाडावर वाळवी आधी जाते. एवढे करूनही उपद्रव राहिल्यास वाळवीसाठी परवाना असलेले क्लोरपायरीफॉससारखे औषध लेबलवरील मात्रेत पाण्यात मिसळून आळ्यात ओतले जाते. ते मातीत द्यायचे असते. पाना-फुलांवर मारण्याने वाळवीला काहीच होत नाही.

पहिला पाऊस आणि हुमणीचे भुंगेरे

महाराष्ट्रातील शेतकऱ्यांना परिचित असलेली हुमणी राजस्थानात ‘सफेद लट’ या नावाने ओळखली जाते. जयपूरच्या दुर्गापुरा भागातील कृषी संशोधन संस्था या किडीच्या अभ्यासासाठी देशभर प्रसिद्ध आहे. हुमणीवरील अखिल भारतीय संशोधन प्रकल्पाचे मुख्य केंद्र अनेक वर्षे येथेच होते. राजस्थानच्या हलक्या जमिनीत होलोट्रिकिया कॉन्सॅन्ग्विनिया ही जात प्रबळ आहे आणि भुईमूग व बाजरीसारख्या खरीप पिकांचे ती मोठे नुकसान करते. महाराष्ट्रात होलोट्रिकिया सेराटा, तर कोल्हापूर-सांगलीच्या उसाच्या पट्ट्यात ल्युकोफोलिस लेपिडोफोरा ही जात त्रासदायक आहे. गुलाब हे काही हुमणीचे आवडते पीक नव्हे. तथापि ही कीड अनेक वनस्पतींच्या मुळांवर जगते, आणि शेताला लागून असलेल्या बागा किंवा शेणखताने समृद्ध केलेले वाफे तिच्या तावडीतून सुटत नाहीत.

हिचे नियंत्रण जमण्या-न जमण्याचे सारे गणित तिच्या जीवनक्रमात आहे. वर्षाला एकच पिढी होते. प्रौढ भुंगेरे हिवाळा आणि उन्हाळा जमिनीत निपचित पडून काढतात. जूनच्या उत्तरार्धात किंवा जुलैच्या आरंभी पहिला चांगला पाऊस झाला, की संध्याकाळी अंधार पडताच ते थव्याने बाहेर येतात, जवळच्या कडुलिंब, बोर, खेजडी, शेवगा अशा झाडांवर जातात, तेथे त्यांचे मीलन होते आणि रात्रभर पाला खाऊन पहाटेपूर्वी ते पुन्हा मातीत शिरतात. गुलाबाच्या पानांनाही ते तोंड लावतात. माद्या मातीत अंडी घालतात. आठ-दहा दिवसांत बाहेर पडणाऱ्या लहान अळ्या सुरुवातीला सेंद्रिय पदार्थ व बारीक मुळ्या खातात. ऑगस्टपर्यंत त्या मोठ्या होतात आणि मग जाड मुळे कुरतडू लागतात. जमीन ओली असूनही झाड सुकत असेल आणि हलक्या हाताने ओढताच वर येत असेल, तर हुमणीचा संशय घ्यावा.

अळी मोठी झाल्यावर औषध फारसे लागू पडत नाही, कारण ती मातीत खोल असते. त्यामुळे पहिल्या पावसानंतरच्या तीन-चार संध्याकाळीच निर्णायक ठरतात. कडुलिंबाच्या फांद्या आकडी लावलेल्या बांबूने हलवून खाली पडलेले भुंगेरे गोळा करावेत आणि रॉकेलमिश्रित पाण्यात टाकावेत. ही कृती साधी असली तरी तिची एक अट आहे. एका बंगल्यात भुंगेरे वेचले आणि शेजारच्या कडुलिंबावर तसेच राहिले, तर श्रम वाया जातात. राजस्थानातील भुईमुगाच्या गावांत म्हणूनच सामूहिक मोहिमांवर भर देण्यात आला. शहरातही एका गल्लीने किंवा वसाहतीने मिळून हे केल्यास उपयोग होतो. राजस्थानातील जातीचा मादी भुंगेरा नराला आकर्षित करण्यासाठी अॅनिसोल या रसायनाचा वापर करतो, हे संशोधनातून स्पष्ट झाले आहे. त्याच्या गंधाचे सापळे निवडक झाडांवर टांगून भुंगेरे एकत्र आणण्याचा आणि तेथेच मारण्याचा मार्ग त्यातून खुला झाला.

अळ्यांसाठी मेटारायझियम ही परोपजीवी बुरशी चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून पावसाळ्याच्या आरंभी मातीत देता येते. तिला ओलावा लागतो, त्यामुळे कोरड्या जमिनीत ती टाकण्यात अर्थ नाही. येथे एक खुलासा आवश्यक आहे. खताच्या खड्ड्यात सापडणारी प्रत्येक पांढरी, वाकडी अळी हुमणी नसते. फूलभुंगेऱ्यांच्या अळ्याही तशाच दिसतात, परंतु त्या कुजका पाला खातात व खत तयार होण्यास मदत करतात. सपाट जमिनीवर ठेवल्यास ही अळी पाठीवर उताणी होऊन सरकते. हुमणी तशी चालत नाही.

खवले कीड

जुन्या फांद्यांवर लालसर-तपकिरी, मसुरीहूनही लहान चकत्यांची दाट पुटे दिसल्यास ती लाल खवले कीड होय. चकतीखाली कीड स्थिर राहून रस शोषते आणि मेणचट कवचामुळे बहुतेक औषधे तिच्यापर्यंत पोहोचतच नाहीत. छाटणीच्या वेळी अशा फांद्या जाळून टाकणे, उरलेल्या खोडावर जुन्या दातब्रशाने साबणाचे पाणी घासणे, आणि कवच नसलेली पिल्ले फिरू लागतात त्या काळात फवारणी करणे, हाच क्रम योग्य आहे.

थंडीत मावा व भुरी, उन्हात लाल कोळी

छाटणीनंतर साधारण सहा-सात आठवड्यांनी, म्हणजे डिसेंबरच्या सुमारास, फुलांचा पहिला बहर येतो आणि त्यासोबत कोवळ्या शेंड्यांवर व कळ्यांच्या देठांवर मावा जमतो. झाडे थोडी असतील तर पाण्याची जोरदार धार सकाळी मारणे पुरेसे होते. धारेने खाली पडलेला मावा सहसा पुन्हा वर चढू शकत नाही. प्रादुर्भाव वाढल्यास ५ टक्के निंबोळी अर्क, म्हणजे लिटरभर पाण्यास ५० ग्रॅम कुटलेल्या निंबोळ्यांचा रात्रभर भिजवून गाळलेला अर्क, थोड्या साबणासह फवारावा. जानेवारी-फेब्रुवारीत जयपूरभोवतीची मोहरीची शेते माव्याने भरतात आणि त्या मागोमाग सात ठिपक्यांचे ढालकिडे वाढतात. मोहरीवरचा मावा गुलाबावरच्या माव्याहून वेगळा असला तरी ढालकिडा दोन्ही खातो. ढालकिडे व त्यांच्या काळसर काटेरी अळ्या दिसत असताना तीव्र कीटकनाशक मारणे म्हणजे फुकट मिळालेला राखणदार हाकलून देणे होय.

दिवसा कोरडे ऊन आणि रात्री गार दमटपणा, या फेब्रुवारी-मार्चमधील हवेत भुरी येते. पाने वळतात, कळ्यांवर पिठासारखी बुरशी दिसते. इतर बुरशींप्रमाणे हिला पानावर पाणी साचण्याची गरज नसते, उलट पाण्याने तिच्या बीजाणूंचे रुजणे अडते. पाण्यात मिसळणारे गंधक लिटरला २ ग्रॅम या प्रमाणात प्रभावी आहे. मात्र तापमान ३२ ते ३५ अंशांच्या पुढे गेल्यावर गंधक पाने भाजून काढते. जयपूरमध्ये मार्चच्या अखेरीसच दुपार या मर्यादेबाहेर जाते, त्यामुळे एप्रिलनंतर गंधकाची फवारणी टाळणे श्रेयस्कर. कळ्या तपकिरी कडांनी अर्धवट उमलत असतील तर तो फुलकिड्यांचा परिणाम असतो. अशा कळ्या खुडून नष्ट कराव्यात.

एप्रिल ते जून हा लाल कोळ्याचा हंगाम. पानांवर धुरकट पिवळे ठिपके, खालच्या बाजूस बारीक जाळी आणि पांढऱ्या कागदावर पान झटकल्यास हलणारे सूक्ष्म ठिपके, ही त्याची ओळख. कोळी हा कीटक नसून आठ पायांचा जीव आहे. सामान्य कीटकनाशकाने तो मरत नाही, उलट त्याला खाणारे भक्षक मरतात आणि महिनाभरात प्रादुर्भाव दुप्पट जोमाने परततो. पानांच्या खालच्या बाजूने सकाळी पाणी मारून धूळ धुऊन काढणे आणि कुंड्यांना दुपारची सावली देणे यानेच बरेच काम होते.

काळ्या ठिपक्यांचा रोग, ज्याने महाराष्ट्रात पावसाळाभर गुलाब निष्पर्ण होतो, जयपूरमध्ये पावसाच्या मोजक्या आठवड्यांपुरता असतो. त्याच्या बीजाणूंना रुजण्यासाठी पान सलग अनेक तास ओले राहावे लागते. गळलेली पाने वेचणे, संध्याकाळी पानांवर पाणी न मारणे आणि जुलैत कॉपर ऑक्सिक्लोराईडची एखादी फवारणी करणे पुरेसे ठरते.

रोग नसलेला रोग

कोवळी पाने पिवळी पण शिरा मात्र हिरव्या, हे लक्षण घेऊन अनेकजण बुरशीनाशक विकत घेतात. जयपूर परिसरातील अनेक विहिरी व कूपनलिकांचे पाणी क्षारयुक्त असते. जमिनीचा सामू वाढला की लोह मातीत असूनही मुळांना मिळत नाही आणि पाने पिवळी पडतात. कोणतेही औषध येथे लागू पडणार नाही. माती-पाणी परीक्षण, पावसाच्या पाण्याचा साठा, सेंद्रिय खत आणि तात्पुरता उपाय म्हणून चिलेटेड लोहाची फवारणी हा यावरचा इलाज आहे.

पुस्तकातील औषधे आणि आजचा कायदा

मराठीतील जुन्या गुलाबविषयक पुस्तिकांमध्ये भुरीसाठी डिनोकॅप आणि लाल कोळ्यासाठी डायकोफॉल ही दोन नावे जवळजवळ हमखास आढळतात. केंद्र सरकारने या दोन्हींवर २०२३ मध्ये बंदी घातली. वाळवी व हुमणीसाठी सांगितलेली बीएचसी पावडर १९९७ मध्ये, आल्ड्रिन त्याआधीच, आणि दाणेदार फोरेट २०२० अखेर वापरातून बाद झाले. कपाटात जुना डबा शिल्लक असला तरी तो वापरणे बेकायदेशीर आणि धोक्याचे आहे. तो नाल्यात ओतणे त्याहून वाईट. नवीन औषध घेताना लेबलवर गुलाबाचा उल्लेख आहे का, हे पाहणे हा खरेदीदाराचा हक्क आहे. मुळांतून शोषली जाणारी आंतरप्रवाही औषधे परागात व मधुरसात उतरतात आणि मधमाश्यांना मारक ठरतात, त्यामुळे फुलांच्या झाडाला ती सरसकट देऊ नयेत.

गुलकंदासाठी लावलेल्या गुलाबाचे नियम याहून कडक आहेत. चैती गुलाबाचा बहर मार्च-एप्रिलमध्ये, थोड्याच आठवड्यांपुरता येतो आणि फुले पहाटे उमलताच तोडली जातात. मावा व भुरी यांचा जोरही त्याच्या अगदी आधी असतो. कळीला रंग दिसू लागल्यानंतर रासायनिक फवारणी केल्यास तिचा अंश पाकळीबरोबर साखरेत मुरतो, कारण गुलकंदाच्या पाकळ्या शिजवल्या जात नाहीत, फक्त उन्हात मुरवल्या जातात. म्हणून अशा झाडांवरील सर्व उपचार फेब्रुवारीतच आटोपावेत आणि त्यानंतर मावा आला तर पाण्याची धार व हाताने वेचणी यांवरच भागवावे. बाजारातील पुष्पगुच्छाचे लांब देठाचे गुलाब, ते कितीही ताजे दिसले तरी, गुलकंदासाठी वापरू नयेत. ते खाण्यासाठी वाढवलेले नसतात. घरी गुलकंद करायचा असल्यास देशी गुलाबाची दोन-तीन झाडे स्वतंत्र वाफ्यात, फवारणीच्या गुलाबांपासून दूर आणि वाऱ्याच्या उलट बाजूस लावावीत.